‘सात’ला थांबायला शिका

प्रश्न : वय २९, डिचोली तालुक्यात राहतो, वेर्ण्याच्या कंपनीत शिफ्टला जातो. लग्नाला आठ महिने झाले. पहिल्या रात्रीपासून आत गेल्यावर मिनिटभरही टिकत नाही. मित्राच्या सांगण्यावरून आधी फेणी घेऊन पाहिली, तर ताठरताच येईना. आता जाहिरातीतली एक पावडर मागवणार आहे. बायको काही बोलत नाही, पण चवथीला माहेरी गेली तर परत येईल ना, अशी धास्ती वाटते. लग्नाआधी हस्तमैथुन करायचो, त्याचे हे परिणाम का?

उत्तर : नाही. हस्तमैथुनाने वीर्य ‘संपत’ नाही, नसा कमजोर होत नाहीत आणि शीघ्रपतनही होत नाही. ही भीती आधी मनातून काढून टाका.

पहिल्या संबंधापासून साधारण मिनिटभरात, थांबवायचं म्हटलं तरी न थांबता वीर्यपतन होणं आणि त्याचा मनाला त्रास होणं, याला डॉक्टर शीघ्रपतन म्हणतात. काहींचा मुळातच हा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) जलद असतो. मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाच्या कामाशी त्याचा संबंध आहे, पुरुषार्थाशी नाही. अर्धा तास टिकायला हवं, हे मापही डोक्यातून काढा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजली, तेव्हा मध्यक, म्हणजे सगळ्या वेळांतली मधली वेळ, निघाला ५.४ मिनिटांचा.

पावडर मागवू नका. अशा चूर्णांत न सांगता ताठरतेची औषधं, कधी अफूही मिसळलेली सापडते. कुणी ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या दिल्या तर त्याही नको, त्यांचं व्यसन लागतं. फेणीने काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

आता खरं काम. ‘थांबा-सुरू करा’ ही पद्धत अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये मांडली, आणि ती आजही शिकवतात. उत्तेजनेला शून्य ते दहा गुण द्या. दहा म्हणजे वीर्यपतन. नऊच्या आसपास एक क्षण असा येतो की त्यानंतर काहीही केलं तरी थांबत नाही. तुम्ही बहुधा तिथे पोचल्यावर थांबायला बघता. थांबायचं सातला.

सुरुवात एकट्याने करा. कोरड्या हाताने, घाई न करता, आठवड्यातून तीन वेळा, १५ मिनिटं. सात आला की हात काढा आणि उत्तेजना तीन-चारवर उतरेपर्यंत थांबा. याला अर्धा मिनिट ते मिनिट लागतं. ताठरता थोडी कमी झाली तरी घाबरू नका, ती परत येते. असं तीनदा करा, चौथ्यांदा होऊ द्या. दोनेक आठवड्यांत जमू लागलं की हाताला तेल लावून, मग पत्नीच्या हाताने. त्यानंतर ती वर, तुम्ही खाली, आत गेल्यावर दोघेही एक मिनिट न हलता. पुढे हालचाल सावकाश वाढवा. कंडोम वापरत असाल तर खोबरेल नको, त्याने रबर फाटतं. पाण्यातलं जेल घ्या.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. वेळ वाढवायला ते मनात पाढे म्हणतात, हिशोब करतात. मग शरीर सातला आलं हे कळतच नाही. दुसरी चूक, मांड्या आणि नितंब आवळून श्वास रोखणं. त्याने वेग वाढतो. ओटीपोट सैल सोडा, श्वास लांब बाहेर टाका.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वायू रोखताना आवळले जातात, ते ओळखा. पाच सेकंद आवळा, दहा सेकंद पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. सैल सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. लघवी करताना हा व्यायाम करू नका.

तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडे जा. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम शिश्नाच्या टोकाला संबंधाआधी २० ते ३० मिनिटं लावून, नंतर धुऊन टाकतात. न धुतल्यास पत्नीलाही बधिरपणा येतो. डॅपॉक्सेटिनची ३० मिलिग्रॅमची गोळी संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. तिने मळमळ, घेरी येऊ शकते. हृदयविकार असल्यास, नैराश्याची औषधं चालू असल्यास किंवा दारू घेतली असल्यास ती घ्यायची नाही. म्हणून चिठ्ठीशिवाय फार्मसीतून मागू नका. ज्यांचं पूर्वी नीट होतं आणि अलीकडे बिघडलं, त्यांनी थायरॉइड, प्रोस्टेटची सूज आणि ताठरतेचा त्रास तपासून घ्यावा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) युरॉलॉजी म्हणजे मूत्ररोग विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही.

पत्नी गप्प आहे म्हणजे नाराज आहे, असं धरून चालू नका. तुम्ही संपल्यावर पाठ फिरवता का? तिला त्याचाच जास्त त्रास होत असेल. बहुतेक स्त्रियांना केवळ आत-बाहेर होण्याने तृप्ती मिळत नाही. क्लिटोरिसला, म्हणजे योनीमुखाच्या वरच्या संवेदनशील उंचवट्याला, हाताने, जिभेने वेळ द्या, आधीही आणि नंतरही. शिफ्ट नसलेल्या दिवशी, घरात निवांतपणा असताना तिला म्हणा, ‘मला लवकर होतं, मला तुझी मदत हवी.’ चवथीची वाट पाहू नका, या आठवड्यातच बोला.