ऑक्सिमीटरवर ९८ येतं, पण रोज दहा सिगारेटी ओढतो. मग रक्तातला ऑक्सिजन ठीक आहे ना?

नाही. याच ९८ वरून आमच्या घरात वाद झालाय, म्हणून लिहिते.

२०२० मध्ये दादा ऑक्सिमीटर घेऊन आला. आण्णा ओसरीवर बसलेले, डाव्या हातात पेटती बिडी. दादाने उजव्या बोटाला तो चिमटा लावला. ९८. "बघ, काही होत नाही त्यांना!" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, पण त्या आकड्यापुढे माझं कुणी ऐकेना.

बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश पाठवून ते यंत्र अंदाज बांधतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. न ओढणाऱ्यांत असं हिमोग्लोबिन एक-दोन टक्के, ओढणाऱ्यांत पाच-दहा टक्केही सापडतं. शिवाय उरलेलं हिमोग्लोबिन स्वतःजवळचा ऑक्सिजन लवकर सोडत नाही.

पुढच्या वर्षी आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. रक्त मीच घेतलं. हिमोग्लोबिन १८.४. नमुना हलवून पुन्हा लावला, तेच. दादा खूश, "या वयात एवढं रक्त!" अरे, ऑक्सिजन पुरत नाही म्हणून शरीर लाल पेशी वाढवतंय, रक्त दाट होतंय. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बिडी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली. आण्णांनी बंडल माझ्या हातात दिलं, दोरा सुटलेला, आत अकरा बिड्या. त्यानंतर एकही ओढली नाही.

ओढणं थांबलं की साध्या हवेत रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, एका दिवसात बहुतेक निघून जातो; रात्रभरातही बराच उतरतो. म्हणून तुम्ही तपासणार असाल तर सकाळी उठल्या उठल्या नको, संध्याकाळी करा. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजायची तपासणी मागा, ती को-ऑक्सिमीटर या रक्ताचा नमुना तपासणाऱ्या वेगळ्या यंत्रावर लागते. तंबाखू सोडवण्याच्या काही केंद्रांत फुंकून मोजायचं यंत्रही असतं.

हिमोग्लोबिन इतर कारणांनीही वाढतं, ते डॉक्टरांना विचारा. आणि ऑक्सिमीटर फेकून देऊ नका. आकडा कमी आला आणि दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा. फक्त ९८ ला सिगारेटची परवानगी समजू नका.

सहा महिन्यांनी आण्णांचं हिमोग्लोबिन १६.१ आलं. दादा अजून म्हणतो, ऑपरेशनमध्ये रक्त गेलं म्हणून उतरलं. त्या ऑपरेशनला जेमतेम रक्त गेलं होतं, आणि गेलं असतं तरी सहा महिन्यांत भरून निघालं असतं. दोन्ही रिपोर्ट माझ्या कपाटात आहेत.