पुढचे पाच जण

प्रिय बाळा,

शुक्रवारी रात्री दीडला आलेला तुझा मेसेज मी परत परत वाचला. "काका, चूक माझी की टीमची?" तीन इंटरसेप्शन, म्हणजे तीन पास समोरच्यांच्या हातात; सहा सॅक, म्हणजे पास टाकायच्या आधीच सहादा जमिनीवर; आणि आता तुला अमेरिकन फुटबॉलमधली क्वार्टरबॅकची, पास टाकणाऱ्याची, जागाच सोडायची आहे. वाईट वाटलं रे, पण रागही आला. चेंडू कुठे गेला तेच उगाळत बसलायस. तुझ्यासमोर उभे राहून समोरच्यांना अडवणारे ते पुढचे पाच जण बघ.

क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग १९८५-८६ ला टँपा बेकडून १९ मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळला. टीम जिंकली फक्त तीन. त्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकला. तिथं बिल वॉल्शसारखा कोच मिळाला, जेरी राइससारखा साथीदार मिळाला, माँटानासारख्या बड्या क्वार्टरबॅकच्या मागे राखीव बसून वर्षानुवर्षं शिकायला मिळालं. १९९५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, त्याच माणसानं थेट गुण मिळवून देणारे सहा टचडाउन पास टाकले. हात तोच होता ना? आणि डेव्हिड कार! २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यात आधी निवडलेला क्वार्टरबॅक, ह्यूस्टनच्या कोऱ्या टीमकडे गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये ७६ वेळा सॅक झाला. इतक्यांदा जमिनीवर आपटलेल्या पोराच्या अंगात काय होतं, ते कुणाला कळणार?

तू म्हणशील, क्वार्टरबॅक ब्रेडी कोच बेलिचिकला सोडून गेला तरी पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. मान्य. मग तीच फायनल परत बघ. समोर क्वार्टरबॅक माहोम्स होता, आदल्याच वर्षीचा विजेता. त्याचे नेहमीचे दोन्ही टॅकल, म्हणजे पाच जणांतले दोन कडांचे, दुखापतीमुळे बाहेर. बिचारा रात्रभर जीव मुठीत धरून पळत होता. ३१-९ नं हरला, एकही टचडाउन नाही. एका वर्षात तो खेळ विसरला होता का? पुढचे पाच जण बघ!

हे मी एवढं का घोकतोय, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्याआधी आपल्या शाळेच्या टीममध्ये एक मुलगा होता. मी तेव्हा स्टँडच्या वरच्या टोकाला उभा राहून मॅचचं शूटिंग करायचो, कॅमेरा सतत चेंडूवर. कोचनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पोरगा घाबरतो." पुढच्या आठवड्यापासून तो बेंचवर. सीझन संपल्यावर दुसऱ्या एका पालकाची टेप पाहिली, पूर्ण मैदान दिसणारी. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे दिला गेला, की उजवा टॅकल दर वेळी मागे रेटला जायचा. पोराच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नव्हते. मी खोटं बोललो नव्हतो, दिसलं ते सांगितलं होतं. आणि निर्णय कोचचा होता, माझा नव्हता. तरी त्या मुलाला गाठून हे सांगायला हवं होतं. तो पुढे खेळलाच नाही.

म्हणून तुला सोडू देणार नाही. पण त्या पाच जणांवर खापर फोडलंस तर तेही ऐकून घेणार नाही. तुझे पाय तिसऱ्या क्वार्टरपासून वळत नव्हते, ते मी पाहिलंय. मार त्या पाच जणांनीही खाल्लाय, त्यांची नावं तर स्कोअरबोर्डवरही येत नाहीत. शुक्रवारनंतर त्यातल्या एकाशी तरी बोललास का?

रविवारी दुपारी घरी ये. टीव्हीवर पूर्ण मैदानाची टेप लावू, आवाज बंद ठेवू. त्या पाच जणांतल्या मधल्याला, तुझ्या सेंटरलाही आण. काकूला सांगितलंय, जेवायला दोघं आहेत म्हणून.

तुझा,
काका