मेंदूच्या स्कॅनसाठी ठेव मोडू का?

प्रश्न: वय ३६. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस: शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूवरच हल्ला करते तो आजार) निदान झालं. औषध चालू आहे, वर्षाकाठी होणाऱ्या मेंदूच्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही, तरी चालताना डावा पाय जड पडतो. दाह दाखवणारा पेट स्कॅन आणि मेंदूचं आकारमान मोजणारा रिपोर्ट स्वखर्चानं करायचा आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाची ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका.

तुमची शंका मात्र खुळी नाही. एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियम हे रसायन टोचल्यावर उजळतो तो ताजा दाह, आणि तो उजळपणा साधारण २ ते ६ आठवडेच टिकतो. पुढे डाग शांत दिसला, तरी काहींच्या कडेला लोह साठलेल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, धुमसत राहतात. तुम्ही म्हणता तो दाह दाखवणारा टीएसपीओ पेट स्कॅन (टीएसपीओ हे दाहात वाढणारं एक प्रथिन) अशाच पेशी टिपायला बघतो. पण तो अजून मुख्यतः संशोधनातच आहे. एका जनुकातल्या फरकामुळे त्यासाठी टोचली जाणारी बरीच रसायनं या प्रथिनाला माणसागणिक कमी-जास्त चिकटतात, त्यामुळे आकडा वाचणंही सोपं नाही. त्यावरून तुमचं औषध बदलणार का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

आकारमानाचं गणित तर आणखी नाजूक. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के आक्रसतो, उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये साधारण ०.५ टक्के किंवा जास्त. एवढा फरक मशीन बदललं किंवा पाणी कमी प्यायलं तरी पुसला जाऊ शकतो. औषधानं सूज उतरली, तरी सुरुवातीला मेंदू घटल्यासारखा दिसतो. पासबुकातली एकच ओळ पाहून खर्च वाढला की घटला, हे मीही सांगू शकत नाही.

पैसा लावायचाच तर वार्षिक एमआरआयवर लावा. मशीन तेच, पद्धत तीच, आणि फिल्मऐवजी मूळ डिजिटल फाइल्स स्वतःकडे. लोहाची कड दाखवणारा ससेप्टिबिलिटी सिक्वेन्स त्यातच जोडता येईल का, विचारा. काही मिनिटांचंच काम असतं. आणि पाय जड पडतोय, तर मणक्यातल्या मज्जारज्जूचा स्कॅन झालाय का? मला पहिली शंका तिथली येते, पण ठरवतील न्यूरोलॉजिस्ट. २५ फूट चालायला लागणारा वेळ त्यांच्याकडून दर भेटीला मोजून घ्या. त्यात २० टक्क्यांची वाढ लक्षणीय मानतात, आणि लागतं फक्त स्टॉपवॉच.

ठेव आजार उलटून बिनपगारी रजा पडली तर लागेल. शिवाय प्रायोगिक तपासणीला विमा बहुधा हात वर करतो. पेट स्कॅनची ओढ सुटत नसेल तर एखाद्या संशोधनात सहभागी होता येतं का पाहा. तिथे स्कॅनचे पैसे सहसा तुमच्याकडून घेत नाहीत.