वैनगंगेच्या डोंग्याचं कार्डशीटचं मॉडेल: तळ का उचलतो, टोकं का जुळत नाहीत

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पवनीकडच्या घाटावरचा मासेमारीचा डोंगा तुम्ही मोजून आणला. लांबी १८ फूट, मधली रुंदी काठाशी ४ फूट आणि तळाशी ३ फूट, बाहेरून खोली दीड फूट, दोन्ही टोकं निमुळती. १:२० प्रमाणात तो कार्डशीटचा केला, तर तळाची टोकं केळीसारखी वर आली, पुढच्या टोकाला दोन्ही बाजू जुळेनात आणि पोस्टर कलर लावताच सगळंच फुगून राहिलं.

तिसऱ्या तक्रारीकडे नंतर येऊ. पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. पुठ्ठा फळीसारखा वागतो, म्हणजे एका वेळी एकाच दिशेला वाकतो. सपाट तळाचा डोंगा पुठ्ठ्याला मानवतो तो यामुळेच. कोणीतरी तुम्हाला कोकणातल्या ट्रॉलरचे छापील भाग उतरवून घ्यायला सुचवलंय, ते सध्या राहू द्या. ट्रॉलरचं पोट दोन्ही दिशांना गोल असतं. तिथे एक अखंड कागद बसत नाही, ५-६ मिमीच्या पट्ट्या टोकाशी निमुळत्या करत एकेक चिकटवाव्या लागतात. डोंगा नीट जमल्यावर ते काम अवघड नाही, आधी मात्र त्याला हात घालू नये.

मापं पाहू. १:२० ला एक फूट म्हणजे १५.२ मिमी आणि एक इंच १.२७ मिमी. लांबी २७४, काठाची रुंदी ६१, तळाची ४६, खोली २३ मिमी. फळी इंचभर जाडीची असेल तर १ मिमीचा ग्रे बोर्ड (करडा, कडक पुठ्ठा) आणि त्यावर बाहेरून २५० जीएसएमची कार्डशीट, जी साधारण ०.३ मिमी भरते, अशी मिळून जाडी नेमकी जुळते. प्रमाण तुम्ही चांगलं निवडलंय. ड्रॉइंग प्रिंट करणार असाल तर कडेला १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि छापून आल्यावर ती मोजा. सेंटरवाल्याने पानाला बसवायचा पर्याय चालू ठेवला असेल तर ती ९६-९७ भरते आणि अख्खा डोंगा लहान होतो.

आता बाजूच्या पट्टीचं. तुम्ही ती २७४ बाय २३ चा सरळ आयत कापलीत, सगळा घोळ तिथेच आहे. बाजू बाहेर कललेली आहे, त्यामुळे पट्टीची रुंदी तिरकी मोजावी लागते. ती २४.२ मिमी येते. लांबीही कमी पडते, कारण काठ वळून जातो. वरची कड सुमारे २८३ आणि तळाची कड, तुम्ही तळ २४० मिमी लांब धरलाय म्हणून, सुमारे २४६ लागते. एका टोकाला बाजू जुळत नाहीत त्या यामुळे. मागच्या टोकापासून चिकटवत गेलं की पुढच्या टोकाला ९ मिमी कमी पडतात.

तळ उचलण्याचं कारण याहून बारीक आहे. बाहेर कललेली बाजू वाकवली की ती शंकूचा तुकडा बनते. सपाट उलगडलेल्या अवस्थेत तिची तळाची कड सरळ नसते, मध्यभागी वर चढलेली कमान असते. तुमच्या मापांना ती कमान जवळजवळ ७ मिमी येते. कड सरळ ठेवली तर ते ७ मिमी कुठेतरी जाणारच, आणि ते टोकं उचलण्यात जातात. खऱ्या मापात हा उचल साडेपाच इंचांच्या घरात जातो. म्हणून पुठ्ठा कितीही दाबून ठेवला तरी तळ सपाट होत नाही.

खऱ्या डोंग्याचीही टोकं थोडी उचललेली असू शकतात. सपाट जागेवर ओढून ठेवला असेल तेव्हा टोकाच्या तळाखाली किती इंच जागा राहते ते पट्टीने मोजा. समजा ३ इंच निघाले, तर मॉडेलमध्ये ४ मिमी उचल हवा आणि कमान ७ ऐवजी ३ मिमीची कापायची. हे एक माप फोटोवरून ठरवू नका, फोटोत ते हमखास चुकतं.

बांधणी उलटी करा, म्हणजे काठ खाली आणि तळ वर. खाली जुनी फरशी किंवा काच घ्या. प्लायवूड सपाट दिसतं, पण नसतं. ग्रे बोर्ड दुहेरी चिकटवून डोंग्याच्या आडव्या छेदाच्या आकाराचे पाच साचे कापा: एक मध्यभागी, दोन्हीकडे ५० मिमीवर एकेक आणि ९५ मिमीवर एकेक. डोंग्याची बाहेरची रुंदी या ठिकाणी काठाशी ६१, ५३, ३२ आणि तळाशी ४६, ३८, १७ अशी येते. साचा आत बसणार, म्हणून प्रत्येक रुंदीतून दोन्ही बाजूंची जाडी मिळून २.६ मिमी आणि उंचीतून तळाची १.३ मिमी वजा करा. हे विसरलं तर डोंगा फुगीर होतो आणि टोकाशी पुन्हा तीच ओढाताण होते. साच्यांना १० मिमीचे पाय ठेवा आणि फरशीवर आखलेल्या मधल्या रेघेवर काटकोनात उभे करा. टोकांचा उचल ४ मिमी हवा असेल तर शेवटच्या दोन साच्यांचे पाय अडीच मिमीने आणि त्यांच्या अलीकडच्यांचे पाऊण मिमीने कमी करा. डोंगा आतून उघडा राहणार, साचे नंतर काढायचे आहेत. त्यांच्या कडांना सेलोटेप लावा, म्हणजे तिथे फेव्हिकॉल धरत नाही.

साचे उभे राहिले की पुठ्ठ्याला हात लावण्याआधी जाड वहीचा कागद साच्यांवरून वळवून टाचण्यांनी धरा, वरच्या आणि तळाच्या कडा पेन्सिलीने उतरवून घ्या आणि तो कागद कापून टेम्प्लेट करा. वर दिलेली मापं पडताळायला वापरा. कापायचं टेम्प्लेटवरूनच, कारण साचे उभे करताना मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतोच.

कागदाला रेषा असतात, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. शीट दोन्हीकडून हलकी वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वळते, त्या वळणाची घडी ज्या रेघेवर पडेल तिच्या समांतर तंतू. बाजू आणि तळ, दोन्हींत तंतू लांबीच्या दिशेने घ्या. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, लांबीत कमी. म्हणजे लांबी टिकते आणि साच्यांच्या मध्ये पोट सुटत नाही. ग्रे बोर्ड आणि कार्डशीट, दोघांचे तंतू एकाच दिशेला हवेत. एक उभा आणि एक आडवा असेल तर ती जोडी वाळता वाळताच मुरडते, मग वजन ठेवून उपयोग नाही.

चिकटवताना फेव्हिकॉलमध्ये पाणी घालू नका. जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरवा, वरखाली प्लास्टिक, मग सपाट वजनाखाली रात्रभर. तळ असा सपाट दाबा. बाजूचे दोन थर मात्र साच्यांवर वळवूनच एकमेकांना चिकटवा. वाळल्यावर ते वळण धरून ठेवतात आणि टोकाशी ताण राहत नाही. ग्रे बोर्ड एका दमात कापायचा नाही. नवं पातं, स्टीलची पट्टी, चार-पाच हलके हात.

दोन्ही बाजू मध्यापासून टोकांकडे एकाच वेळी न्या, डावीकडे एक साचा तर उजवीकडे एक. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली की डोंग्याला पीळ पडतो. टोकाशी दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडा तिरक्या घासा, नाहीतर १.३ मिमीचे दोन काठ एकमेकांवर अडतात. आतून ३ मिमीची त्रिकोणी काडी बसवा. तळ सर्वात शेवटी, सगळीकडून अर्धा मिमी मोठा कापून, चिकटवून, मग घासून बरोबर करा.

पोस्टर कलरने फुगलं ते पाण्याने. रंगाआधी लाख द्या. रंगवाल्याच्या दुकानात चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, मिळतो. १०० मिली स्पिरिटमध्ये १५-२० ग्रॅम टाकून रात्रभर ठेवा, गाळून घ्या, दोन पातळ हात आतून आणि बाहेरूनही द्या. एकाच बाजूने दिलं तर पुन्हा वाकेल. मध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मात्र जिथे आतल्या फासळ्या आणि बसायच्या फळ्या चिकटवायच्या आहेत त्या जागा कोऱ्या ठेवा, लाखेवर फेव्हिकॉल नीट धरत नाही. कापलेल्या कडा कडक करायला फेविक्विकचा थेंब चालतो. तो कापसाने पुसू नका, कापूस तापतो, धूर निघतो, बोट भाजतं.

आपल्याकडच्या हवेचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फेव्हिकॉलवर पसरता पसरताच साय धरते. म्हणून चिकटवायचं काम पहाटे करा, आणि कुलरच्या झोतात तर नाहीच. कुलरच्या खोलीत कागद ओल पितो, बाहेर नेला की वाळतो आणि मुरडतो. ऊन दाखवून वाळवणं त्याहून वाईट, एकच बाजू आकसते. पावसाळ्यात लाख पांढुरकी पडते. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात बरा. मैद्याची खळ स्वस्त पडते हे खरं, पण झुरळं आणि कसर डोंगा वर्षभरात खातात.

बारकाव्यांत वेळ घालवायचा तर फळ्यांच्या सांध्यांवर घाला. बाहेरची कार्डशीट चिकटवण्याआधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने सांध्यांच्या रेघा दाबा. ८ इंची फळी १० मिमी येते. खिळ्यांसाठी मागून सुईने टोचा, पुढे बारीक उंचवटा येतो. डांबर गुळगुळीत काळं रंगवू नका. उन्हातलं जुनं डांबर करडं दिसतं, म्हणून काळ्यात थोडा तपकिरी आणि पांढरा मिसळा आणि सांध्यांवर जाडसर टिपा. पत्र्याचं ठिगळ असेल तर औषधाच्या पाकिटाची पन्नी लावा. पाणी उपसायचा जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) छोटा गंज, म्हणजे भांडंही, त्याच पन्नीचा, पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दाबून होतो.

वल्ह्याला आणि लांब बांबूला खराट्याची काडी घ्या. ६ फुटांचं वल्हं ९१ मिमी, १२ फुटांचा बांबू १८३. जाळ्याला मच्छरदाणीचा तुकडा. तिचं भोक दीड मिमीचं असेल तर खऱ्या मापात ३ सेंमी होतं, म्हणजे शोभतं. वरच्या दोरीला थर्मोकॉलचे २ मिमीचे मणी फेव्हिकॉलनेच लावा, फेविक्विकने ते विरघळतात. खालच्या दोरीला वजन म्हणून मोहरी सुचते, पण पोरकिडे येतात. काचेचे बारीक मणी घ्या. दोऱ्याचा रोवा दिसतो, तो आधी मेणबत्तीवरून ओढून घ्या. जाळं डोंग्यात घडी करून ठेवू नका, ढीग करून टाका आणि पातळ फेव्हिकॉलचे दोन-चार थेंब द्या.

पाण्यात तरंगेल का, हेही विचारलंय. वजन २५-३० ग्रॅमच्या आसपास भरेल आणि तळ ४-५ मिमी बुडेल, म्हणजे तरंगेल. पण लाखेचे दोन हात पाण्यासाठी पुरत नाहीत. प्रदर्शनात परातीत सोडायचाच असेल तर तळाला आणि सांध्यांना बाहेरून ऑइल पेंटचे आणखी दोन हात द्या, आणि दहा मिनिटांत बाहेर काढून कोरडा करा.