ब्रिटनच्या किनाऱ्यावर खडकातल्या डबक्यात दिसलेला छोटा मासा शॅनी की गोबी, कसं ओळखायचं? हातात घेतला तर चालेल का?

पाठीवरचा पर बघा. शॅनीचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग, मध्ये जरासा खोलगट. गोबीला दोन वेगळे पर असतात. पोटाकडचे पर दिसले तर शंकाच मिटते: गोबीचे जुळून चिकटणारी वाटी झालेली असते, शॅनीचे काड्यांसारखे सुटे, त्यांवर तो टेकून बसतो. शॅनीला खवले नसतात आणि डोक्यावर तुराही नसतो. तुरा असेल तर तो शॅनीच्याच ब्लेनी कुळातला, पण दुसरा मासा.

हातात घेऊ शकता, पण हात आधी समुद्राच्या पाण्यात भिजवा. कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. शॅनी चावतोही. खडकाला चिकटलेले बार्नकल (कठीण कवचाचे छोटे जीव) खाणारे दात आहेत ते! बादलीत ठेवलात तर दोन-चार मिनिटंच, तेही सावलीत. थोडं पाणी उन्हात लगेच तापतं आणि त्यातला ऑक्सिजन घटतो. ओल्या शेवाळाखाली मात्र तो ओहोटीभर पाण्याबाहेर तग धरतो, आपल्या निवटीसारखा.

दगड उचललात तर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. वसंतात-उन्हाळ्यात अंडी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवलेली असतात. उलटा ठेवलात तर ती उन्हात वाळतात. जवळ काळाकुट्ट, पांढऱ्या ओठांचा मासा दिसला तर तो राखण करणारा शॅनीचा नर; तो दगड सोडून द्या.