टायटॅनियमच्या चकत्यांवर अल्ब्युमिन बसलंय का, हे एक्सपीएसने (क्ष-किरण मारून पृष्ठभागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) दाखवायचंय. कार्बन खूप येतोय म्हणून गाइड म्हणतात आधी आर्गॉन आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ कर. करू का? आणि थराची जाडी कळेल का?

नाही. आर्गॉन मारू नका. गाइड म्हणत असले तरी मारू नका.

तुम्हाला मोजायचंय ते प्रोटीनच मुळात कार्बन आहे. हायड्रोजन एक्सपीएसला दिसत नाही. तो सोडला तर अल्ब्युमिनमध्ये साधारण ६३ टक्के कार्बन, १६-१७ टक्के नायट्रोजन, उरलेला बहुतेक ऑक्सिजन आणि टक्काभरही नाही इतकं गंधक. ॲल्युमिनियमच्या १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट क्ष-किरणांनी माहिती येते ती वरच्या ८-१० नॅनोमीटरची, आणि वाळलेल्या अल्ब्युमिनचा एकपदरी थर असतो २ ते ४ नॅनोमीटर. साध्या आर्गॉन आयनांनी त्यात अमाइड बंध तुटतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन आधी उडतात आणि मागे जळका कार्बन उरतो. म्हणजे पुरावाच गेला.

दुसरं नुकसान खाली, ऑक्साइडमध्ये होतं, आणि मी हे उत्तर लिहायला बसलो ते त्यासाठीच. एका प्रबंधात टायटॅनियम २पी३/२ च्या (२पी, १एस ही इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांची नावं) ४५८.७ च्या पीकला ४५७ च्या आसपास खांदा, म्हणजे बाजूचा फुगवटा, दाखवला होता; पीकचे हे आणि पुढचे आकडे बंधन ऊर्जेचे, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. निष्कर्ष असा: हे त्रिसंयुजी टायटॅनियम, म्हणजे अल्ब्युमिनने पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन दिले, म्हणजे रासायनिक बंध झाला. नमुने मोजण्याआधी आर्गॉनने 'साफ' केले होते, हे पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत होतं. आर्गॉन टायटॅनियम डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आधी उडवतो आणि टायटॅनियमचं क्षपण होतं (त्याला जादा इलेक्ट्रॉन मिळतात), ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे. मी एवढंच सुचवलं, की प्रोटीन न लावलेली, नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवलेली चकती घ्या, तिच्यावर तितकाच वेळ आर्गॉन मारा आणि तीच खिडकी (ऊर्जेचा तोच पट्टा) स्कॅन करा. खांदा तिथेही आला, त्याच जागी. तरी उत्तर मिळालं, "साफ केल्याशिवाय एक्सपीएस करायचंच नसतं." हे वाक्य धातुशास्त्रवाल्यांचं आहे. मिश्रधातूच्या आतली रचना बघायची असेल तर ते बरोबर आहे. सेंद्रिय थराला ते लावणं चूक आहे, आणि असे खांदे अजूनही बंधाचा पुरावा म्हणून छापून येतात.

तुमच्या बाबतीत खरी सफाई चेंबरच्या बाहेर, धुण्यात होते. चकती प्रोटीनच्या द्रावणातून सरळ उचलू नका. द्रावणाच्या पृष्ठभागावर प्रोटीनची साय असते, ती वर येताना चिकटते आणि थर फुगलेला दिसतो. आधी त्याच भांड्यात स्वच्छ बफर ओतत राहून द्रावण पातळ करत न्या, मग चकती काढा. नंतर १८.२ मेगाओहमच्या अतिशुद्ध पाण्याने क्षार धुवा आणि नायट्रोजनच्या झोतात वाळवा. फॉस्फेट बफर नीट धुतला गेला नाही तर सोडियम, क्लोरीन, फॉस्फरस दिसतात. त्यात पोटॅशियम असेल तर त्याचं २पी २९३ ला येऊन कार्बनच्या खिडकीत घुसतं आणि बॅकग्राउंड बिघडवतं. चकत्या नव्या पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिशमध्ये पाठवा, झिप पिशवीत नाही. सिलिकॉन २पी १०२ ला दिसलं तर पिशवी, टेप किंवा हातमोज्यांतलं सिलिकोन आलंय समजा.

आता पुरावा. नायट्रोजन १एस ४०० ला दिसला म्हणजे प्रोटीन बसलं, असं नुसतं म्हणू नका. ट्रिस आणि हेपेस या दोन्ही बफरांत नायट्रोजन-कार्बन गुणोत्तर ०.२५ आहे आणि अल्ब्युमिनचं ०.२७ च्या आसपास, त्यामुळे न धुतलेला बफर गुणोत्तरावरून हुबेहूब प्रोटीन वाटतो. प्रोटीनच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड घातलेलं असेल तर तो नायट्रोजन वेगळाच. म्हणून अमाइडचा कार्बन बघा: हायड्रोकार्बन २८५.० ला धरला तर तो २८८.१ च्या आसपास येतो, आणि त्याचे अणुटक्के नायट्रोजनच्या जवळपास बरोबरीचे हवेत. ट्रिसमध्ये तो नाही, हेपेसमध्येही नाही; हेपेसचं गंधक शिवाय १६८ ला येतं, प्रोटीनचं १६४ ला. हवेतून बसलेल्या कार्बनमध्येही २८९ कडे थोडा भाग असतो, तो बफरवाल्या कंट्रोलवरून (प्रोटीन न लावलेल्या चकतीवरून) वजा करा. ऑक्सिजन १एस वर भिस्त ठेवू नका. ऑक्साइडचं ५३० वेगळं दिसेल, पण प्रोटीन, पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल आणि पाणी ५३१-५३३ मध्ये एकमेकांवर चढतात.

हवेतून बसलेल्या कार्बनचं पीक २८४.८ ला धरून सगळी मोजपट्टी डोळे मिटून सरकवू नका. त्या पीकची जागा पृष्ठभागागणिक बदलते. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या ग्रेचिन्स्की आणि हुल्टमन यांनी २०१७ साली दाखवलंय की ती कार्य फलनाप्रमाणे (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेप्रमाणे) हलते. संदर्भ लावून झाला की नायट्रोजन ४०० जवळ आणि टायटॅनियम ४५८.५ ते ४५९ मध्ये आलं का तपासा. एक जुळतंय आणि दुसरं नाही, तर थर आणि धातू वेगवेगळे चार्ज होताहेत. मग चकती यंत्राच्या अर्थिंगला पूर्ण जोडा किंवा पूर्ण अलग ठेवून फ्लड गन (चार्ज भरून काढणारा इलेक्ट्रॉनांचा झोत) वापरा, अर्धवट नको.

क्ष-किरणही निरुपद्रवी नाहीत. गोवंशाच्या अल्ब्युमिनमध्ये १७ डायसल्फाइड बंध आहेत आणि दुय्यम इलेक्ट्रॉन ते तोडतात. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या फोटोसिस्टीम २ या प्रोटीनसंकुलातल्या मँगनीजचं बीममध्येच क्षपण होतं, हे २००५ साली दाखवलं गेलं. म्हणून छोटा सर्व्हे (सगळ्या ऊर्जांचा झटपट स्कॅन) झाल्यावर लगेच कार्बन आणि नायट्रोजन घ्या, मग बाकीचं, आणि शेवटी कार्बन पुन्हा घ्या. २८८.१ खाली आलं असेल तर वेळ कमी करा आणि ताज्या जागी जा. गंधकाला स्कॅन जास्त लागतात, त्याला स्वतंत्र जागा द्या.

जाडी कळते, पण अंदाजाने. उभ्या दिशेने मोजताना टायटॅनियमचा सिग्नल कंट्रोलच्या निम्म्यावर आला आणि सेंद्रिय थरात इलेक्ट्रॉनची क्षीणन लांबी (ज्या जाडीत सिग्नल सुमारे ३७ टक्क्यांवर येतो) ३ नॅनोमीटर धरली, तर ३ गुणिले ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगरिदम), म्हणजे सुमारे २.१ नॅनोमीटर. कंट्रोल त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर मोजलेला हवा. हा आकडा थर सलग आहे असं गृहीत धरून येतो; अल्ब्युमिन बेटांसारखं बसलं असेल तरी सिग्नल तेवढाच पडू शकतो. कोन बदलून फरक कळतो, पण आरशासारख्या पॉलिश केलेल्या चकत्यांवरच. वाळू मारलेल्या इम्प्लांटवर कोनांचा काही उपयोग नाही.

कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमच्या चकत्याही करणार असाल तर मॉलिब्डेनम ३पी नायट्रोजनच्या खिडकीत येतं, तिथे कोरा कंट्रोल नसेल तर काहीच बोलता येणार नाही. प्रोटीनची घडी टिकली की उलगडली, हे निर्वातात वाळलेल्या नमुन्यावरून एक्सपीएस सांगत नाही.

आणि तुमच्या यंत्रावर आर्गॉन क्लस्टरचा स्रोत असेल, एका आयनात हजारभर अणूंचा, तर माझं 'नाही' थोडं सैल होतं. त्याने थर हळूहळू खाली उतरवता येतो आणि अमाइड बराच टिकतो. पण तेव्हाही पहिला पूर्ण संच काहीही न मारता घ्या, आणि प्रबंधात तोच आधी छापा.