जुन्या वाड्याची भिंत दर पावसाळ्यात का घामेजते?

प्रश्न : शहापुरातला आमचा जांभ्या दगडाचा वाडा गल्लीच्या वाचनालयाला द्यायचा आहे. थोरली मंडळी सांगतात, मागच्या खोलीत पूर्वी घोडी बांधत, मग तिथे शाळा भरली, नंतर गुळाचं गोदाम झालं. हे खरं की नाही, कसं कळेल? त्याच खोलीची भिंत पावसाळ्यात कमरेइतकी ओली होते. छत गळत नाही. सिमेंटचा गिलावा केला, तोही वर्षात फुगला.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं मूळ बहुधा एकच आहे. जनावरांचं मूत वर्षानुवर्षं जमिनीत आणि भिंतीच्या बुडात मुरलं की नायट्रेटचे क्षार साठतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे पाणी कुठूनही न शिरता भिंत पावसाळ्यात घामेजते आणि उन्हाळ्यात तिच्यावर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, येतो. शेजारच्या खोल्यांत असा पट्टा नसेल, तर तबेल्याची आठवण खरी मानायला चांगला आधार आहे. फरशीला एका बाजूला उतार आहे का, भिंतीत लोखंडी कडी किंवा ती काढल्याची भोकं आहेत का, तेही पाहा. शाळेचा माग चुन्याच्या थरांखाली लागेल: फळ्याची जागा धरून अंगठ्याएवढी जागा पात्याने एकेक थर खरवडा, काळा रंग दिसला की थांबा.

कागदांचं थोडक्यात. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणून त्याआधीचे कागद ब्रिटिश बेळगावच्या दप्तरात शोधत बसू नका. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मालक कळतो, वापर कळत नाही. वापर कळतो तो भाडेचिठ्ठ्या आणि घरपट्टीच्या पावत्यांतून. घरातले मोडी कागद लॅमिनेट मुळीच करू नका. फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या.

आता भिंत. जांभा सच्छिद्र असतो. सिमेंटने त्याची वाट बुजली की क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन त्याला ढकलतात आणि सुटताना दगडाचं तोंडही सोबत नेतात. म्हणून फेब्रुवारीत डागाच्या वर एक फुटापर्यंत सगळं सिमेंट हातछिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका. सांधे २० मिलिमीटर खोल उकरा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून पोत्यावर गोळा करा. धुवायचा मोह टाळा, पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात. मग साध्या कागदाचा भिजवलेला लगदा इंचभर जाड थापा; सुकताना तो क्षार स्वतःत ओढून घेतो. सुकला की काढून फेका. असं दोन-तीनदा केलं की क्षार बरेच उतरतात, सगळे मात्र कधीच निघत नाहीत.

गिलाव्याला किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला चुना एक भाग, धुतलेली जाड वाळू तीन भाग. १० मिलिमीटरचे दोन थर द्या आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. एप्रिलअखेर काम संपवा, म्हणजे मृगाआधी चुन्याला धरायला वेळ मिळेल. वरून फक्त चुन्याचा हात द्या. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट दिला तर सिमेंटचाच प्रकार पुन्हा होईल.

पुस्तकांची कपाटं या भिंतीला लावू नका. समोरच्या भिंतीलाही चार इंच जागा सोडूनच ठेवा.